शेजाऱ्यांकडून समजते की...

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर एकच अट घातली. "पिंजारीसाहेब, आठवणी लिहा, पण त्यात एखादा खून पाहिजे बघा. वाचक लागतो." मी म्हटलं, खुनी माणूस आमच्या खात्याच्या वाट्याला फारसा येत नाही. ते म्हणाले, "मग तुमच्याकडे येतं तरी काय?"

हा प्रश्न मला नोकरीभर सगळ्यांनी विचारला. सासऱ्यांनी लग्नाआधी विचारला, नातवानं गेल्या महिन्यात.

मी परिवीक्षा अधिकारी होतो. हा शब्द न अडखळता म्हणणारा माणूस मला कचेरीबाहेर भेटला नाही. टपालखातं आम्हाला 'परीक्षा अधिकारी' समजे. त्यामुळे दहावीचा निकाल लागला की आमच्या टेबलावर फेरतपासणीचे अर्ज येऊन पडत. खेड्यापाड्यांत आम्हाला 'पॅरोलवाले' म्हणत. आम्ही तेच नाव घेऊन हिंडलो, कारण निदान त्यावर लोक बसायला सतरंजी टाकत.

काम तसं साधं. माणूस पहिल्यांदाच चुकला, गुन्हा कबूल केला, तर कोर्टाला प्रश्न पडतो: याला तुरुंगात घालावं की बाँड लिहून घेऊन घरी सोडावं? त्याचं उत्तर शोधायला आम्हाला पाठवतात. आम्ही त्याच्या घरी जायचं, शेजारीपाजारी विचारायचं, अहवाल लिहायचा. सोडला, तर एक-दोन-तीन वर्षं त्याच्यावर लक्ष ठेवायचं. दर महिन्याला त्यानं येऊन सही करायची, आम्ही 'वर्तन समाधानकारक' असं लिहायचं. आमच्या खात्यात याहून मोठी स्तुती नाही. कधी तुरुंगातला कैदी पॅरोलवर, म्हणजे रजेवर, घरी येऊ मागतो. मग त्याच्या घरची चौकशीही वरून आमच्याकडे पाठवतात.

हे काम मला शिकवलं एस्तेर वाक्रूळकर बाईंनी. त्या यंदा गेल्या. म्हणून खून नसला तरी लिहायला बसलो.

मी रहिमतपूरचा, कापूस पिंजणाऱ्यांच्या घरातला. साताऱ्याच्या कचेरीत हजर झालो तेव्हा साहेबांनी मला बाईंच्या टेबलासमोर उभं केलं. कडक इस्त्रीची साडी, चष्म्याला काळी दोरी, समोर फायलींचा ढीग. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"चहा पितोस?"

"हो मॅडम."

"चौकशीला गेल्यावर प्यायचा नाही. लोक प्रेमानं देतात. पण चहा पोटात गेला की पेन मऊ होतं. अहवाल पूर्ण झाला, वही मिटली, मग प्यायचा. आणि मॅडम नको. बाई म्हण."

खेड्यांतले लोक त्यांना इस्त्रीबाई म्हणत. एस्तेर हे नाव तोंडात बसत नव्हतं आणि साडीकडे पाहून इस्त्री आपोआप सुचत होती. बाईंनी कधी दुरुस्त केलं नाही. "नाव ठेवलं म्हणजे ओळख ठेवली," एवढंच म्हणायच्या.

बाई ज्यू होत्या. मूळच्या कोकणातल्या, अलिबागकडच्या. तिकडं त्यांच्या लोकांना शनिवार तेली म्हणत, कारण तेलाचा घाणा शनिवारी बंद. यजमान साताऱ्यात चित्रकलेचे मास्तर होते. मुलगा बेनी सात वर्षांचा असताना ते गेले. बाकीचं सगळं गोत इस्राएलला. बाई मात्र इथं, एक मुलगा आणि दोन तालुक्यांतले गुन्हेगार घेऊन.

गावात गेलो की पहिला प्रश्न ठरलेला. एकदा म्हसवडजवळच्या वस्तीवर एका म्हातारबांनी बाईंना निरखून विचारलं, "आवं बाई, तुमी कोणातल्या म्हनायच्या?"

"ज्यू."

"जुन्या व्हय?"

"हो, लय जुन्या," बाई म्हणाल्या आणि वही उघडली.

कचेरीतली माणसं शिकलेली होती, त्यामुळे त्यांना एवढंही समजत नव्हतं. सेवापुस्तकात बाईंच्या धर्मासमोर आधी 'ख्रिश्चन' होतं, ते खोडून 'पारशी', तेही खोडून 'इतर'. शनिवारी त्या रजा घेत. "शनिवारी तुमच्यात मारुतीचं असतं का?" असं एका साहेबांनी गंभीरपणे विचारलं होतं. पुढं सरकारनं सगळ्यांनाच पाच दिवसांचा आठवडा दिला. त्या दिवशी मी पेढे आणून बाईंच्या टेबलावर ठेवले. म्हटलं, "शेवटी सरकारनं तुमचा धर्म स्वीकारला."

मी मुसलमान, त्या ज्यू, आणि चौकशीला आम्ही दोघं बरोबर जायचो. टीव्हीवर तिकडची लढाई पेटली की साहेबांच्या जिवाला घोर लागे. आम्हाला वेगवेगळ्या जीपमधून पाठवावं, असा एक विचार त्यांनी बोलून दाखवला होता. अडचण अशी की जीप एकच होती आणि तीही बंद. आम्ही एसटीनं जायचो. बाई खिडकीशी, मी कडेला. आमच्यात एकच भांडण झालं, ते खिडकीवरून.

एक पॅरोलची चौकशी सांगतो, म्हणजे बाई काय होत्या ते कळेल.

पाटणच्या बाजूच्या डोंगरातला एक जन्मठेपेचा कैदी. आई अंथरुणाला खिळलेली, तिला भेटायला पंधरा दिवस मागत होता. पोलिसांचा अहवाल आला होता: 'अर्जदार फरार होण्याची व गावची शांतता भंग होण्याची दाट शक्यता आहे. ग्रामस्थांचा विरोध आहे.' बाईंनी मला कपाटातून आणखी चार अहवाल काढायला लावले. पाचही अहवालांत तेच वाक्य, त्याच जागी तोच स्वल्पविराम.

आम्ही गेलो. एसटी संपली तिथून दीड तास चढ. गावात बारा-पंधरा घरं. निम्म्या घरांना कुलपं, कारण माणसं मुंबईला. शांतता इतकी होती की ती भंग करायलाही कोणी मिळालं नसतं. म्हातारी गोधडीत पडली होती. आमची चाहूल लागताच म्हणाली, "आला व्हय रं?"

बाई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. कडक साडी, शेणानं सारवलेली जमीन. "अजून नाही आला. आणायची खटपट करतोय."

"कवा येनार?"

बाईंनी खोटी तारीख दिली नाही. म्हातारीचा हात मात्र धरून ठेवला.

बाहेर आल्यावर पोलीस पाटलाला विचारलं, "ग्रामस्थांचा विरोध आहे असं लिहून तुम्ही सही केलीय."

"सही माझीच हाय बाई," तो म्हणाला. "पर मी केली तवा कागूद कोरा व्हता."

"आणि विरोध कोणाचा आहे?"

त्यानं भोवताली पाहिलं. एक शेळी आणि दोन कोंबड्या. "आता तुमीच बगा."

बाईंनी त्याच रात्रीच्या आत अहवाल पाठवायचा म्हणून परतीच्या एसटीत मांडीवर लिहिला. पॅरोल मंजूर झाला. फक्त आदेश चार टेबलं फिरून तुरुंगात पोहोचेपर्यंत म्हातारी गेली होती. तो घरी आला आणि पाच दिवसांपूर्वीच तिला पोहोचवल्याचं त्याला कळलं. त्यानं घराला चुना दिला, छपराची कौलं परतली आणि मुदतीच्या एक दिवस आधीच तुरुंगात हजर झाला. पुढं वरून पत्र आलं की आजारी आईची शुश्रूषा या कारणासाठी रजा दिली होती, तरी शुश्रूषा केल्याचा दाखला जोडावा. बाईंनी उत्तर लिहिलं: 'शुश्रूषा करण्यासाठी आई उपलब्ध नव्हती.' त्याबद्दल त्यांना ताकीद मिळाली. भाषा उद्धट असल्याची.

बाईंची एक वही होती. कचेरीची नोंदवही वेगळी, ही त्यांची स्वतःची, लांबट. देखरेखीखाली असलेला माणूस कुठं जातो, कोणाबरोबर दिसतो, किती वाजता घरी येतो, याच्या नोंदी तारीखवार. त्या वहीमुळे किती जण सुधारले ते मला माहीत नाही, पण वहीच्या धाकानं काही जण वेळेवर जेवायला लागले, असं त्यांच्या बायकांनी मला सांगितलंय.

बेनीवर त्यांचा जीव होता. दुपारी एकला फोन, जेवलास का. चारला फोन, क्लासला गेलास का. सहाला फोन, कोणाबरोबर आहेस. आम्ही हसायचो. "बाई, त्याला पण महिन्याच्या सहीला बोलवा," असं मी एकदा म्हणालो. बाईही हसल्या, पण जरा उशिरा.

मग माझी बढती झाली आणि सांगलीला बदली. बढतीत खुर्ची फिरती मिळाली, ती एकाच बाजूला फिरायची. बेनीही इंजिनिअरिंगला सांगलीतच होता, हॉस्टेलवर. शेवटचं वर्ष. परीक्षा झाली की इस्राएलला मामाकडे जायचं ठरलं होतं. कागदपत्रं झाली होती.

एका सकाळी कोर्टाकडून चौकशीची फाईल आली. आरोपीचं नाव बेंजामिन सॉलोमन वाक्रूळकर, वय बावीस.

हॉस्टेलवर हिवाळ्यात गरम पाण्याची रांग असते. सूरज नावाचा एक मुलगा मध्येच घुसला. शब्दाला शब्द वाढला आणि बेनीनं स्टीलचा जग त्याच्या तोंडावर मारला. पुढचे दोन दात पडले. कायद्यात दात पडला की ती गंभीर दुखापत. दाढदुखीनं माणूस आठवडाभर विव्हळला तरी ती कायद्याला दिसत नाही, पण दात पडलेला दिसतो. बेनीनं गुन्हा कबूल केला. वकिलांनी सगळं जुळवून ठेवलं होतं: पहिलाच गुन्हा, चांगलं घर, आई सरकारी अधिकारी. अहवाल चार ओळींचा बरा आला की नुसत्या बाँडवर सुटका, देखरेख नाही आणि दोन महिन्यांत विमान.

तो अहवाल लिहायचा होता मी.

बाईंना फोन केला. "बाई, मी ही चौकशी दुसऱ्याकडे देतो."

"दुसरा कोण आहे तुझ्याकडे?"

खरं होतं. सांगलीत आमची तीन पदं मंजूर, त्यांतलं भरलेलं एक, म्हणजे मी.

"रिक्त पद चौकशीला जाणार आहे का?" बाई म्हणाल्या. "तू कोर्टाला कळव की आपली ओळख आहे. कोर्ट म्हणालं तर नको जाऊस. नाहीतर बुधवारी ये. मी रजा टाकते."

मी लेखी कळवलं. न्यायाधीशांनी शेरा मारला: 'ओळखीची नोंद घेतली. अन्य अधिकारी उपलब्ध नसल्याने चौकशी करावी.' सरकारी कामात सचोटीला एवढीच जागा असते, शेरा मारण्यापुरती.

आधी सूरजच्या घरी गेलो. कृष्णाकाठचं गाव, उसाची शेती, घरातली तीन माणसं फौजेत. सूरज कोपऱ्यात तोंडाला रुमाल लावून बसला होता. बोलत होते त्याचे चुलते, निवृत्त सुभेदार.

"आवं साहेब, दोन दात म्हंजी काय चेष्टा हाय व्हय? फौजेत दात गेला तर मेडिकल बोर्ड बसतंय!"

"तुमचं म्हणणं काय लिहू?"

"त्याला सोडायचा न्हाई. जवर माझं दात हायत, तवर केस लढनार."

"तुमचे दात?" मी विचारलं.

सुभेदारांनी तोंड मिटलं. त्यांची कवळी होती. सूरजला रुमालाआडून हसू आलं आणि ओठ दुखला म्हणून तो कळवळला. मी लिहून घेतलं की फिर्यादी पक्षाचा विरोध आहे, पण तो बोलून कमी होण्यासारखा आहे.

बुधवारी साताऱ्याला गेलो. बाईंच्या दाराच्या चौकटीला एक तिरकी लावलेली लहानशी डबी होती. आत त्यांच्या धर्मग्रंथातला मजकूर असतो. येता-जाता त्या तिला हात लावत. त्या दिवशी त्यांनी दार उघडलं आणि दारातच उभ्या राहिल्या.

"ओळखपत्र?"

मला वाटलं चेष्टा. चेष्टा नव्हती. मी पाकीट काढून ओळखपत्र दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून फोटो पाहिला आणि बाजूला झाल्या. पाणी दिलं. चहाचं नाव काढलं नाही.

बेनी घरात नव्हता. जामिनावर होता, पण बाईंनी मुद्दाम त्याला त्या दिवशी कॉलेजला पाठवलं होतं. आमच्या चौकशीचे प्रश्न छापील असतात. मी एकेक वाचत गेलो, त्या एकेकाचं उत्तर देत गेल्या. कुटुंबातल्या व्यक्ती, दोन. व्यसन, नाही. अभ्यास, बरा. इतक्या वर्षांत हेच प्रश्न शेकडो आयांना विचारताना मी बाईंना पाहिलं होतं, त्यामुळे मी अडखळत वाचत होतो. त्या मात्र प्रश्न संपायच्या आतच उत्तर देत.

'आरोपीचा स्वभाव' या प्रश्नाला त्या थांबल्या.

"रागीट," म्हणाल्या.

मी लिहिलं, 'किंचित रागीट.'

"किंचित कोण म्हणालं?"

मी खोडलं.

"यापूर्वी कोणावर हात उगारला आहे का," मी पुढचा प्रश्न वाचला आणि उत्तरादाखल 'नाही' लिहायला पेन टेकवलं.

"थांब," बाई म्हणाल्या.

त्यांनी डावं मनगट टेबलावर ठेवलं. हाड जरा वाकडं बसलेलं दिसत होतं. मग मला आठवलं. चार वर्षांपूर्वी बाई सहा आठवडे हाताला प्लास्टर लावून कचेरीत येत होत्या. मोरीत पाय घसरला, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. मी स्वतः घरगुती तेल नेऊन दिलं होतं.

"बारावीचा निकाल लागला त्या आठवड्यात. त्यानं ढकललं मला. उंबऱ्यावर पडले."

मी टेकवलेलं पेन उचललं.

"का ढकललं ते विचार. चौकशी अर्धी नको."

"का?"

"त्याला माझ्या कपाटात वही सापडली. त्याच्या नावाची. कुठं गेला, कोणाबरोबर होता, किती वाजता आला. तीन वर्षांच्या नोंदी, शौकत. देखरेखीखालच्या माणसांची ठेवते तशी." त्या खिडकीकडे पाहत होत्या. "बाप नाही, मुलगा हाताबाहेर जाईल, असं वाटायचं. दुसरं काही येत नव्हतं मला. हेच एक काम येत होतं."

"बाई, हे लिहिलं तर देखरेखीशिवाय सुटका होणार नाही. त्याचं जाणं राहील."

"माहीत आहे. आणि नाही लिहिलं तर तो तिकडं जाऊन कोणाचे तरी दात पाडील. तिथं त्याला ओळखणारं कोणी नसेल. ढकलल्याचं लिही." मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "पण मी सांगितलं असं लिहू नको. 'शेजाऱ्यांकडून समजते की' असं लिही."

"हे खोटं होईल."

"हो."

एवढंच. मला ताकीद देणाऱ्या, 'किंचित'सुद्धा खोडायला लावणाऱ्या बाई. मी वही मिटली. त्यांनी उठून चहा ठेवला आणि ओट्याकडे तोंड करून बराच वेळ उभ्या राहिल्या. दूध उतू गेलं तरी.

नियम म्हणून शेजारी विचारलं. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, "गुणी पोरगं. आवाज म्हणून नाही घरात." समोरच्या काकूंनीही तेच सांगितलं. मी बसस्टँडवर बसून लिहिलं: 'शेजाऱ्यांकडून समजते की आरोपीने सुमारे चार वर्षांपूर्वी रागाच्या भरात आईस ढकलून दुखापत केली होती.' वहीचा उल्लेख मी केला नाही. बाईंनी खोटं लिहायला लावलं, तर थोडंसं आपल्याही मनानं लिहावं, असं वाटलं.

आमचा अहवाल गोपनीय असतो. पण न्यायाधीशांना वाटलं तर आशय आरोपीला ऐकवता येतो आणि त्यांना वाटलं. भर कोर्टात ते म्हणाले, "शेजारी सांगतात की तुम्ही आईवरही हात टाकलाय. खरं आहे का?"

बेनीनं आधी आईकडे पाहिलं. बाई समोरच्या भिंतीकडे पाहत होत्या. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. तसं मला आजवर फक्त एकाच माणसानं पाहिलंय, ज्याची म्हैस माझ्या अहवालामुळे जप्त झाली होती.

"खरं आहे," तो म्हणाला.

दोन वर्षांचा बाँड, माझ्या देखरेखीखाली. लेखी परवानगीशिवाय जिल्हा सोडायचा नाही. सूरजच्या दातांचे उपचार पूर्ण होईपर्यंत बेनीनं त्याच्याबरोबर दवाखान्यात जायचं, ही अट माझ्या शिफारशीतली. जामीन राहिल्या बाई. कारकुनानं व्यवसाय विचारला. "परिवीक्षा अधिकारी." त्यानं पेन खाली ठेवलं. "मग घरीच मिटवायचं की बाई, कोर्टाला कशाला तरास?"

मामाकडचं बारगळलं. बेनीनं कुपवाडला मोटार वायंडिंगच्या वर्कशॉपमध्ये काम धरलं आणि एक खोली घेतली. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो माझ्याकडे यायचा. "सही कुठं?" एवढाच शब्द. कसा आहेस विचारलं तर छताकडे पाहायचा. पंखा बंद आहे का बघतो तसं. मला वाईट वाटायचं, पण म्हटलं ठीक आहे. आईवर राग धरण्यापेक्षा माझ्यावर धरलेला बरा. बाईंचा बेत मी निष्ठेनं पाळला. एकदाही तोंडातून शब्द जाऊ दिला नाही.

मिरजेला दातांच्या दवाखान्यात सूरजबरोबर तो चार वेळा गेला. पहिल्या वेळी सुभेदार बंदोबस्ताला बरोबर आले. दुसऱ्या वेळी त्यांनी आपली कवळी दाखवून घेतली. तिसऱ्या वेळी दोघं पोरंच गेली आणि येताना एका गाडीवरून आली. चौथ्या वेळेनंतर सुभेदारांचा मला फोन आला. "साहेब, ते ज्यूचं पोरगं आमची बोअरची मोटर बांधून गेलं बगा. लय झाक चालती. त्याचा बाँड वाढवता येत न्हाई व्हय?"

आणि बाई दर शुक्रवारी दुपारच्या एसटीनं सांगलीला येऊ लागल्या. डबा, तेलाची दिवली, वाती पिशवीत. सूर्य मावळायच्या आत बेनीच्या खोलीत दिवा लावायच्या. त्यांच्यात शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी दिवस मावळेपर्यंत काम करायचं नाही, प्रवासही नाही. म्हणजे शनिवारभर त्या दहा बाय दहाच्या खोलीत दोघंच. टीव्ही नाही, फोन नाही, बाहेर जाणं नाही. मी एकदा विचारलं, "बाई, काय करता दिवसभर?"

"बसतो," त्या म्हणाल्या. "पहिले दोन महिने तो भिंतीकडे तोंड करून बसला. मग कुशीवर वळला. परवा विचारलं, आई, आमटीत काय घालतेस?"

देखरेखीच्या आमच्या सगळ्या परिपत्रकांत अशी तरतूद कुठं नाही. मी तिमाही अहवालात लिहिलं, 'कौटुंबिक संबंधांत सुधारणा.' वरून विचारणा झाली की सुधारणेची टक्केवारी द्यावी.

दोन वर्षं झाली. मी 'वर्तन समाधानकारक' लिहून फाईल बंद केली. काही महिन्यांनी बेनी इस्राएलला गेला. जाताना माझ्या पाया पडला, पण बोलला नाहीच. पुढच्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. निरोपाला शाल, नारळ आणि गणपतीची मूर्ती. साहेब भाषणात म्हणाले, "ख्रिश्चन असूनही बाई आपल्यात मिसळून राहिल्या." बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "ज्यू." साहेब म्हणाले, "तेच ते."

मुलगा बोलवत होता, पण त्या गेल्या नाहीत. एकदा महिनाभर राहून आल्या आणि म्हणाल्या, तिकडं सगळेच ज्यू, मला कोणी काही विचारतच नाही.

यंदा त्या आजारी पडल्या. बेनी येऊन दीड महिना राहिला. पुण्याच्या दवाखान्यात त्या गेल्या आणि पुण्यातच त्यांच्या दफनभूमीत ठेवलं. मी सांगलीहून गेलो. सूरज आला होता, दोन्ही दात चकचकीत. सुभेदारांनी त्याच्याबरोबर फुलांचा हार पाठवला होता. त्यांच्यात हार घालत नाहीत, म्हणून तो गाडीतच राहिला. बाईंनी मार्गावर आणलेली माणसं दोन जिल्ह्यांत पसरलेली आहेत. कोणी दुकानदार, एक तर सरपंच. त्यांतलं कोणी दिसलं नाही. मला राग आला नाही. इथं येणं म्हणजे आपण कधीकाळी इस्त्रीबाईंच्या वहीत होतो हे गावाला सांगणं. आमच्या धंद्यात काम चोख झालं की माणूस ओळख द्यायचं बंद करतो.

सगळं झाल्यावर बेनी आणि मी बाहेरच्या टपरीवर बसलो. दाढी वाढली होती त्याची. त्यानं चहा सांगितला आणि पहिल्यांदाच माझ्याशी नीट बोलला.

"काका, तुमच्या रिपोर्टमधलं ते शेजाऱ्यांचं वाक्य."

मी सावरून बसलो. "हे बघ बेनी, चौकशीचा तपशील गोपनीय असतो."

"शेजारी तेव्हा नव्हते, काका. पोस्टमास्तर मुलीकडे नाशिकला होते, समोरच्या काकू माहेरी. आख्खा मजला बंद होता. आईला उचलून मीच रिक्षात घातलं. ते फक्त आम्हा दोघांनाच माहीत होतं."

"म्हणजे तुला..."

"कोर्टातच कळलं."

"मग दोन वर्षं माझ्यावर राग धरून का बसलास?"

"तुमच्यावर नव्हताच. आधी तिच्यावर होता. मग तिच्यावरचाही गेला. पण तिला वाटत होतं की मला माहीत नाही. मी तुमच्याशी बोलत नाही असं कळलं की तिच्या जिवाला बरं वाटायचं. म्हणून तसंच चालू ठेवलं."

"कधी सांगितलंस का आईला?"

"गेल्या महिन्यात. दवाखान्यात." त्यानं चहाचा ग्लास हातात फिरवला. "रडली थोडी. मग हसायलाच लागली. नर्स धावत आली. आई म्हणाली, शौकतला यातलं काही बोलू नकोस हं. त्याला वाटतंय त्यानं फार छान लपवलं."